नंबर मिळाला, नाव कुठाय?

तापी नदी हा भारताचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० आहे. हसू नका, खरंच आहे. २०१६ साली संसदेने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला, आधीच्या ५ जलमार्गांत एका दमात १०६ नव्यांची भर घातली आणि देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातला शंभरावा आपला. भुसावळ तालुक्यातल्या हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत, ४३६ किलोमीटर. शेजारच्या नर्मदेला ७३ नंबर मिळालाय.

दर दोनेक महिन्यांनी कोणीतरी नातेवाईक मला या जलमार्गाचा नकाशा फॉरवर्ड करतो. निळी जाड रेघ, तिच्यावर छोटंसं जहाज, आणि खाली "अभिमान वाटला तर पुढे पाठवा". आमच्या जळगावच्या फॅमिली ग्रुपवर तर एका काकांनी हिशोबही मांडला होता: रावेर-यावलची केळी जहाजात भरायची, सुरतेला उतरवायची, डिझेल वाचेल, खानदेशचं सोनं होईल. काकांना मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही (आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर काकांना उत्तर देत नसतात). ते इथे देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तापीचा हा नंबर काढून टाकावा. त्याच्या नावाने जो काही वेळ, कागद आणि उत्साह खर्च होतो तो खानदेशात आज खरोखर चालणाऱ्या नावांच्या देखभालीला लावावा. अशा नावा आहेत. फक्त त्या तापीवर नाहीत, नर्मदेवर आहेत. आणि त्यांतून जाणाऱ्यायेणाऱ्यांना असले नकाशे फॉरवर्ड होत नाहीत, कारण तिथे रेंजच धड नाही.

आधी तापीचा निकाल लावू. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, सिव्हिलचा नाही. पण बेरीज-वजाबाकी येते. हतनूरची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर. उकाईची १०५ मीटर. म्हणजे नुसतं उकाईच्या जलाशयापर्यंत पोचायलाच नावेला १०९ मीटर खाली उतरायचंय. नदीतली नाव जिना उतरत नाही. तिला उतरवायला लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांच्या मधली पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी हळूहळू खाली सोडायचं, खालच्या पातळीला आलं की पुढचा दरवाजा उघडायचा. इंग्लंडमध्ये डिव्हायझेस गावाजवळ केन हिल म्हणून एक चढ आहे, तिथे एकामागून एक २९ लॉक्स आहेत आणि ती सगळी मिळून नाव सुमारे ७२ मीटर चढवतात. पाच-सहा तास लागतात त्याला. आपल्याला उकाईपर्यंत असे दीड केन हिल लागतील. आणि उकाईला पोचल्यावर? तिथे समोर भिंत आहे. भिंतीखाली काकरापारचा बंधारा आहे. त्याखाली सुरतेजवळ आणखी एक बंधारा.

अलीकडे तरी काय आहे? हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पण ते पुराचं पाणी सोडायचे. त्यातून नाव गेली तर ती बातमी होईल, वाहतूक नव्हे. खाली शेळगाव बॅरेज. मग पाडळसे, १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेलं आणि अजून पुरं न झालेलं. मग धुळे जिल्ह्यात सुलवाडे, पुढे सारंगखेडा, प्रकाशा. यातल्या एकातही नाव चढवण्या-उतरवण्याचं लॉक नाही. नसणारच. ही बांधकामं पाणी अडवायला झाली, नावा सोडायला नाही, आणि ते बरोबरच होतं. मोठी आधुनिक लॉक्स एकेक वीस-तीस मीटरही उचलतात हे मला माहितेय. बांधा की मग. आधी पाडळसे पूर्ण करा, मग बोलू.

आता पाण्याचा हिशोब. इंग्लंडच्या अरुंद कालव्यावरचं एक छोटं लॉक एकदा रिकामं करायला लाख-सव्वा लाख लिटर पाणी वरून खाली जातं. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येणारा टँकर असतो दहा-बारा हजार लिटरचा. म्हणजे एक नाव उतरली की दहा टँकर पाणी पुढच्या टप्प्यात, आणि शेवटी गुजरातेत. पारोळा-अमळनेरकडच्या कुठल्याही बाईला हा हिशोब सांगून बघा. ती तुम्हाला नावेसकट बुडवेल :-)

आणि हे पाणी असेल तर. एप्रिलमध्ये बॅरेजच्या खालच्या तापीत उतरून बघा. वाळू, डबकी, वाळूचे ट्रॅक्टर. मागे एका भोई दादांना मी त्या जलमार्गाबद्दल विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुण्याहून आलोय हे त्यांना कळलं असावं. म्हणाले, "पानी कोठे शे भाऊ?" केंद्र सरकारच्या शंभर पानी अहवालाला पुरून उरेल असं हे चार शब्दांचं उत्तर आहे.

बरं, समजा झालं सगळं. माल कोणता? केळी? नॅरोबोट चालते तासाला चार मैलांनी, म्हणजे साडेसहा किलोमीटर. मालवाहू बार्ज जरा वेगात जाईल म्हणा. तरी लॉक्सचा वेळ धरला तर हतनूरची केळी सुरतेला पोचेपर्यंत तिचं शिकरण झालेलं असेल. आणि याच खोऱ्यातून, नदीला जवळपास समांतर, शंभरहून जास्त वर्षं सुरत-भुसावळ रेल्वे धावतेय. आता तर ती दुहेरी आहे, विजेवर आहे. शेजारी सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हायवे आहे. तिसरा मार्ग हवाय कोणाला? अनेक नवे जलमार्ग व्यवहार्य नाहीत हे पुढे सरकारी अभ्यासांतूनच निघालं. पण कायद्यातला नंबर काही गेला नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, डॉक्युमेंटमध्ये फीचर आहे, कोडमध्ये नाही. असं डॉक्युमेंट नुसतं निरुपयोगी नसतं, ते घातक असतं. कारण पुढचा माणूस ते वाचून समजतो की हे काम झालंय.

आता कोणी म्हणेल, मग इंग्लंडमध्ये कसं चालतं? तिथेही नद्या छोट्या, कालवे अरुंद. जरूर विचारा. कारण तिथे ते कसं चालतं हे नीट पाहिलं की आपल्याकडे काय नाहीये ते कळतं.

२००६ ते २००८ मी कोव्हेंट्रीला ऑनसाईट होतो. आमच्या टीममधला एक टेस्टर नॅरोबोटवर राहायचा. हौस म्हणून नाही, घरभाडं परवडत नव्हतं म्हणून. (पुढे हौसही झाली, तो भाग वेगळा.) नॅरोबोट म्हणजे सात फुटांपेक्षा जरा कमी रुंदीची आणि साठ-सत्तर फूट लांबीची लोखंडी नाव. रुंदी ठरली ती १७६० च्या दशकात, जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियरने लॉक्स सात फुटी केली म्हणून. एकदा इंटरफेस ठरला की अडीचशे वर्षं सगळ्यांनी त्याच मापात राहायचं. त्या काळी या नावांतून कोळसा जायचा. आता माणसं राहतात, सुट्टीला फिरतात.

त्याच्याबरोबर मी तीन-चार वीकएंड फिरलो. लोकांना वाटतं नावेवर राहणं म्हणजे डेकवर बसून चहा पिणं. मी पाहिलं ते असं. रोज नाव थांबवली की मागे जाऊन, पंख्याचा दांडा जिथे बुडातून बाहेर पडतो तिथल्या ग्रीसच्या कपाला एक पीळ द्यायचा, नाहीतर पाणी आत झिरपतं. पंख्यात काही अडकलं तर झाकण उघडून कोपरापर्यंत हात थंड पाण्यात घालून सोडवायचं. प्लॅस्टिक, दोऱ्या, एकदा तर अख्खी रजई निघाली. दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून बुड घासायचं आणि डांबर फासायचं. बुडाला मॅग्नेशियमचे ठोकळे लावलेले असतात, नावेच्या लोखंडाऐवजी गंज त्यांना खातो. ते झिजले की बदलायचे, नाहीतर गंज नावेला खातो. संडासची टाकी स्वतः नेऊन रिकामी करायची. दर चार वर्षांनी सुरक्षेचं सर्टिफिकेट: गॅसची नळी, वायरिंग, शेगडी, सगळं तपासून. विमा. आणि वर्षाचं लायसन्स, जे आता हजार पौंडांच्या वर जातं. कायमची बांधायची जागा नसेल तर चौदा दिवसांच्या वर एका ठिकाणी थांबायचं नाही, पुढे सरकायचं. १९९५ च्या कायद्यात तसं लिहिलंय.

एवढं करून माणसाला काय मिळतं? भांडायचा हक्क मिळतो. माझा मित्र ऑफिसात अत्यंत गरीब स्वभावाचा, बगसुद्धा "कदाचित चूक असेल" म्हणून फाईल करायचा. पण एका लॉकचा दरवाजा गळतोय म्हटल्यावर तोच माणूस लंचमध्ये कालव्याच्या ऑफिसला फोन लावून अर्धा तास झाडायचा. कारण तो पैसे भरत होता आणि त्याचं घर त्या पाण्यावर होतं.

हाच मुद्दा आहे. इंग्लंडचे कालवे काही सरकारच्या प्रेमाने जगलेले नाहीत. १९४८ साली त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा रेल्वे आणि ट्रकनी त्यांचा धंदा खाल्लेलाच होता. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांच्या चक्क प्रती लावल्या, मालवाहू, फिरायचे, आणि "उरलेले". उरलेले म्हणजे मेले तरी चालतील असे. ते वाचले ते भांडणाऱ्यांमुळे. एल. टी. सी. रोल्ट नावाच्या इंजिनियरने आपल्या नावेवरच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, 'नॅरो बोट', १९४४ साली. त्यातून १९४६ साली एक संघटना उभी राहिली. मग शनिवार-रविवारी गमबूट घालून, फावडी घेऊन चिखल उपसणारे लोक आले. वर सांगितलेला केन हिलचा कालवा अशाच लोकांनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा चालू केला, १९९० साली राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. आधी नावा, मग गाळ काढणं, मग राणी. आपल्याकडे राणी आधी येते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. लॉकचे दरवाजे ओक लाकडाचे असतात, पंचवीसेक वर्षं टिकतात. म्हणजे ते सडणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे दरवाजे बनवणारे दोन कारखाने कायम चालू असतात, एक ब्रॅडलीला, एक स्टॅनली फेरीला. दर हिवाळ्यात कालव्याचे काही टप्पे बंद ठेवून दरवाजे बदलतात, आणि कुठला टप्पा कधी बंद हे महिनोन्महिने आधी जाहीर करतात. आपण सर्व्हरला जशी मेंटेनन्स विंडो ठेवतो ना, तश्शी. दुरुस्ती ही तिथे आपत्ती नाही, वेळापत्रक आहे.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०१२ साली कालवे सरकारकडून एका ट्रस्टकडे गेले, सरकारी अनुदान कमी होत चाललंय, लायसन्स वाढतंय, २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या नाववाल्यांवर जादा आकार बसला आणि त्यावरून रीतसर जुंपलीये. २०२५ च्या उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे कित्येक टप्पे बंद पडले. म्हणजे बघा, बारा महिने भुरभुर पाऊस पडणाऱ्या देशात नावेपुरतं पाणी पुरत नाही, आणि आम्ही निघालो तापीत जहाज सोडायला!

कोणी म्हणेल, हे साहेबांचं कौतुक झालं. बरं, मग घरचं उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातली फड पद्धत. पांझरा, बुराई, कान या नद्यांवर छोटे दगडी बंधारे, त्यातून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचं मानधन शेतकऱ्यांनीच द्यायचं. आणि हंगामाच्या आधी पाटाचा गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस हजर पाहिजे. तीन-चारशे वर्षं हे चाललं. एकही राष्ट्रीय क्रमांक नसताना चाललं! पाणी ज्याचं, फावडं त्याचं. हे ब्रिंडलीच्या आधीपासून आपल्याला कळलेलं होतं. नंतर वर धरणं झाली, विहिरी-बोअर झाल्या, आणि पाट "सरकारचा" झाला. माझ्या आजोळी गिरणेच्या पाटाचं आवर्तन सुटायचं तेव्हा गावात पहिला प्रश्न असायचा, "चारी साफ कोण करणार?" आणि उत्तर असायचं, "येतील ना डिपार्टमेंटचे." पाणी शेवटच्या शेताला पोचायचं नाही. पाट आणि नाव, दोघांचं दुखणं एकच आहे. बांधायला सगळे असतात, राखायला कोणी नसतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

खानदेशचं उत्तरेचं टोक नर्मदेवर आहे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुके, सातपुड्याची शेवटची उतरण. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं. काही कुटुंबांचं पुनर्वसन झालं, काही लोक डोंगरावर वर सरकले आणि तिथेच राहिले. पूर्वी ज्या नाल्यातून, पायवाटेने शेजारच्या पाड्यावर जायचे ते आता तलावाखाली आहेत. दवाखाना, शाळा, रेशन, बाजार, कशालाही नाव लागते. इथे नाव हा छंद नाही, पर्यटन नाही. तो रस्ता आहे.

आणि हा रस्ता एका जागी थांबत नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, किमान वापराची पातळी ११०.६४. २८ मीटरचा फरक! म्हणजे नऊ मजली बिल्डिंगएवढा काठ वर्षभरात खालीवर होतो. माझ्या कोव्हेंट्रीच्या मित्राच्या कालव्याची पातळी चार बोटं खाली गेली तर नोटीस लागायची. इथे पावसाळ्यानंतर जिथे नाव लागते, मे महिन्यात ती जागा डोंगरउतारावर अधांतरी असते आणि खाली गुडघाभर गाळ. त्या गाळातून बाळंतपणाला अडलेली बाई झोळीत घालून नावेपर्यंत न्यायची असते.

२०२० साली रेलू वसावे या अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गाजली होती. चिमलखेडीची अंगणवाडी, आणि करोनाच्या भीतीने अलिगाट, दादर या पाड्यांवरून बाया-मुलं येईनाशी झालेली. तर ही बाई मासेमाराकडून छोटी नाव मागून घेऊन स्वतः वल्हवत त्यांच्याकडे जायची, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. बाळांची वजनं करायची, आहार द्यायची. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. पण कौतुक करताना कोणी विचारलं का, की नाव मागून का आणावी लागली? कामाचं ठिकाण पाण्यापलीकडे आहे हे ज्या यंत्रणेला माहीत आहे, तिने नाव द्यायची की बातमी छापून आल्यावर शाल द्यायची? कोणी एक सॉफ्टवेअर इंजिनियर स्वतःचा लॅपटॉप शेजाऱ्याकडून उसना आणून कंपनीचं काम करतोय, असं ऐकलंत तर तुम्ही त्याला हिरो म्हणाल की कंपनीला शिव्या घालाल?

आणि २०१९ ची संक्रांत. धडगाव तालुक्यात भुषाजवळ, नर्मदेवर सणाला निघालेल्या लोकांची नाव उलटली. साठेक माणसं होती तिच्यात. किमान पाच गेली, त्यात लहान मुलं. नाव जास्त भरली होती, असं सगळ्यांनी लिहिलं. भरणारच. सणाचा दिवस, नावा मोजक्या, आणि किती माणसं बसवायची हे नावेवर रंगाने लिहिलेलं नसेल तर कोण मोजणार? २०२१ साली देशात नवा अंतर्देशीय नौका कायदा आला, १९१७ चा जुना गेला. त्यात इंजिनच्या नावांची नोंदणी, तपासणी, सर्टिफिकेट सगळं आहे. बिनइंजिनच्या छोट्या नावांची नोंद स्थानिक संस्थांनी करायची असंही आहे. छान आहे. आता तुमच्या-माझ्या गावच्या ग्रामपंचायतीत नावांचं रजिस्टर पाहिलंय का कोणी?

तिकडे सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. युरोपीय आयोगाच्या मदतीतून तरंगते दवाखाने आले, नंतर बोट-अँब्युलन्स आल्या. कल्पना उत्तम होती. मी दोन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर तिकडे गेलो होतो, खाजगी नावेने. काठाला एक बोट उभी होती, रंग उडालेला, इंजिनवर ताडपत्री. कोणाची, काय, ते लिहीत नाही, कारण मला एका बोटीचा पंचनामा करायचा नाहीये. आमच्या नाववाल्याला विचारलं, ही का उभी? तर म्हणाला, पार्ट यायचाय. कधीपासून? त्याने नुसतं वर डोंगराकडे पाहिलं. मग त्याने त्याच्या स्वतःच्या नावेचं इंजिन दाखवलं. शेतातल्या पंपाचं इंजिन, शहाद्याच्या वर्कशॉपमधून बसवून आणलेलं. "हे बिघडलं तर मी उघडतो. ते बिघडलं तर साहेब उघडतो." साहेब कुठे असतो? "तेच तर."

याच्यापेक्षा चांगलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी वीस वर्षांत वाचलेलं नाही.

बोट घेणं सोपं आहे. तिचा फोटो निघतो, फीत कापता येते, बजेटमध्ये एक ओळ असते. ग्रीसचा फोटो निघत नाही. म्हणून मी म्हणतो, नवी बोट घेऊच नका. आधी आहेत त्या बोटींना पगारी चालक द्या, कंत्राटी नव्हे, आणि तो तिथल्याच गावातला द्या. शहाद्याला किंवा तळोद्याला उघडता येईल असं इंजिन बसवा, मग ते दिसायला कितीही गावठी असो. एक इंजिन गोडाऊनमध्ये जादा ठेवा. दर मे महिन्यात, पाणी खाली असताना, प्रत्येक नाव बाहेर काढून बुड तपासा आणि कुठली नाव कोणत्या आठवड्यात बंद राहील हे बाजाराच्या दिवशी सांगा. माणसांचा आकडा नावेच्या अंगावर लिहा, अक्षरात नको, माणसांची चित्रं काढा. लाईफ जॅकेट मोजून ठेवा. आणि काठ २८ मीटर हलतो तर जेट्टीपण हलती लागेल, तरंगती. एकदा काँक्रीट ओतून कंत्राटदाराचं बिल काढलं की ती जेट्टी वर्षातले दोन महिने उपयोगाची आणि दहा महिने पिकनिकची.

यावर दोन आक्षेप ठरलेले असतात. एक, "नावा कशाला, रस्ते द्या." द्या ना! पुलासकट द्या. तिथली माणसंही तेच मागतायत. पण सातपुड्याच्या त्या घळींत रस्ता होईपर्यंत जी बाई आज रात्री अडणार आहे, तिने काय करायचं? रस्ता हे नाव न सांभाळण्याचं निमित्त होऊन बसलंय. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या पाण्यापलीकडे खिरखिंडीच्या मुली स्वतः नाव वल्हवत शाळेत जात होत्या, २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा सगळे जागे झाले. म्हणजे दुखणं एकट्या नर्मदेचं नाही. धरणाच्या फुगवट्याला जिथे जिथे माणूस राहतो तिथलं आहे.

दुसरा आक्षेप काकांचा. "अरे पण पर्यटन? हाऊसबोट? हतनूरला, चांगदेवच्या संगमावर?" काका, चांगदेवला जरूर हाऊसबोट आणा, मी पहिलं तिकीट काढीन. पण ती नदी नाही, धरणाचा फुगवटा आहे, आणि त्यात गाळ किती साचलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हाऊसबोटीला ४३६ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग लागत नाही. चार किलोमीटर खोल पाणी आणि एक माणूस लागतो, रोज संध्याकाळी ग्रीसला पीळ देणारा.

असो. मागच्या सोमवारी मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकलाय. तीन प्रश्न आहेत. जिल्ह्यात नर्मदेवर सरकारी मालकीच्या नावा किती, त्यातल्या आज चालू किती, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांच्या दुरुस्तीवर खर्च किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर अपील कसं केलं ते टाकतो.